दारचे कुत्रे, घरचे मांजर

मराठी म्हणींच्या दरबारात कुत्रा आणि मांजर या दोघांनाही न्याय असा कधी मिळाला नाही. एकाचे शेपूट नळीत घालून पाहायचे आणि ते वाकडेच राहिले म्हणून दोष त्यालाच द्यायचा. दुसऱ्याने डोळे मिटून दूध प्यायले की त्याला ढोंगी ठरवायचे. वस्तुतः या दोन प्राण्यांच्या नित्य वर्तनात जेवढी सुसंगती आढळते तेवढी माणसाच्या वर्तनात आढळती, तर आम्हां अग्रलेख लिहिणाऱ्यांना फारसे काम उरले नसते.

गोमंतकातील कोणत्याही वाड्यावर सकाळी फेरफटका मारावा. पोदेराचा भोंगा वळणावर वाजतो न वाजतो तोच सोप्यावर झोपलेले कुत्रे उठून फाटकाशी हजर होते. तेच कुत्रे टपालवाल्यावर मात्र तुटून पडते, आणि त्यामागे त्याचा पक्का हिशेब असतो. तो मनुष्य रोज येतो, आपण भुंकतो, आणि तो निघून जातो. आपल्या भुंकण्याचा प्रभाव सिद्ध व्हायला आणखी कोणता पुरावा हवा? (राजकारणातील कित्येक विजय याच तर्कशास्त्रावर उभे असतात.) निजण्यापूर्वी ते जागच्या जागी दोन-तीन गिरक्या घेते. रानातल्या पूर्वजांनी गवत तुडवून शेज करण्याची जी सवय लावून घेतली, तिचाच हा अवशेष असावा असे मानतात. शहाबादी फरशीवर गवत नाही, हे त्याच्या कुळाचाराला मान्य नाही.

मांजराची तऱ्हा निराळी. ते पायांना गाल घासते तेव्हा ते लाडात आले असे आपण समजतो. प्रत्यक्षात त्याच्या गालांत गंधग्रंथी असतात आणि ते आपल्यावर स्वतःच्या मालकीचा शिक्का उमटवीत असते. मांडीवर बसून पुढच्या पंज्यांनी कणीक तिंबल्यासारखे ते जे करते, ती आईचे दूध ओढतानाची पिलूपणची सवय होय. वर्तमानपत्र जमिनीवर पसरले की नेमके अग्रलेखावर येऊन बसणारी मांजरे अनेक घरांत आहेत. त्यात टीकेचा भाग किती, या वादात आम्ही पडू इच्छीत नाही.

या गमती जिथे केवळ गमती राहत नाहीत, तिथे आमचे लक्ष असायला हवे. श्रावणात घरातील मासळी बंद झाली की मांजर स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर बसून सत्याग्रह आरंभते आणि आपण हसतो. परंतु मांजर हे निखळ मांसाहारी जनावर आहे. टॉरिन नावाचे जे द्रव्य त्याच्या डोळ्यांना आणि हृदयाला आवश्यक असते, ते मांस-मासळीतूनच मिळते. भात-आमटीत ते नाही. म्हणीतले ते दूधही बहुतेक प्रौढ मांजरांना पचत नाही. व्रत घरधन्याचे असते, मांजराचे नव्हे, आणि अंगणाच्या कोपऱ्यात त्याला चार तारले घातल्याने कोणाचा श्रावण बुडेल असे आम्हांला वाटत नाही. तीच गोष्ट आवाजाची. माणसाचा कान सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंत ऐकतो, कुत्र्याचा सुमारे ४५ हजारांपर्यंत. चतुर्थीचे फटाके आणि नरकासुराच्या रात्रीचे कर्णे चालू असता पलंगाखाली शिरून थरथरणारे कुत्रे भित्रे नसते. दोरी तोडून पळालेली अशी कित्येक कुत्री पुन्हा घरी परतत नाहीत.

तथापि पळून गेलेल्यांपेक्षा सोडून दिलेल्यांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. पिलाच्या खोड्यांवर भाळून ते घरी आणायचे, मुलांनी चार महिने खेळायचे आणि ते वाढून खाऊ लागले, केस गाळू लागले, की एके संध्याकाळी मोटारीत घालून समुद्रकिनारी उतरवून यायचे, हा प्रकार आता नवा राहिलेला नाही. सायबेरियाच्या बर्फासाठी घडलेले हस्की जातीचे कुत्रे आमच्या दमट हवेतील सदनिकेत कोंडण्याची हौस त्याच मासल्याची. हे सोडलेले जनावर निर्बीजीकरण न झालेले असेल तर मोकाट कुत्र्यांच्या संख्येत भरच पडते. २०१३ ते २०१९ या काळात लसीकरणाच्या मोहिमेने गोव्यातील कुत्र्यांमधील रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी खाली आणले. २०१८ व २०१९ या दोन्ही वर्षांत त्या रोगाने येथे एकही माणूस दगावला नाही. वाड्यावाड्यांतून हिंडून, जाळी टाकून, लस टोचणाऱ्यांनी कमावलेले हे यश हौशी मालकांनी उधळावे काय? दत्तजयंतीला सांखळीच्या मंदिरात चार श्वानांसह असलेल्या दत्तात्रेयापुढे हात जोडणारे आणि रात्री पिलू किनाऱ्यावर सोडणारे हात कधी कधी एकच असतात, हे लिहिताना आम्हांला संकोच वाटतो, पण लिहिणे भाग आहे.

कायदा नाही असे नाही. आठ आठवड्यांहून लहान पिलू विकू नये आणि पैदास करणाऱ्याने नोंदणी करावी, असे २०१७ चे केंद्रीय नियम सांगतात. या नियमांची अंमलबजावणी पिले विकणाऱ्यांच्या दारापर्यंत पोहोचली पाहिजे, आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पिलाच्या मालकाचे नाव पालिका-पंचायतींच्या दप्तरी असले पाहिजे, अशी आमची मागणी आहे. उपाशी-तहानेले राहील अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरविला आहे. त्या कायद्याने पहिल्या गुन्ह्याला नेमलेला दंड मात्र किमान १० आणि कमाल ५० रुपये! एवढ्या रकमेत आज पणजीत एका माणसाचे मासळीचे जेवणही होत नाही. प्राण्यांवरील क्रौर्याला प्रतिबंध हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, तेव्हा राज्य विधानसभेला याबाबत हात बांधून बसण्याचे कारण नाही. येत्या अधिवेशनात कोणी आमदार हा प्रश्न विचारणार आहे काय, एवढेच आम्हांला जाणून घ्यायचे आहे.