फांदीभोवतीचे कडे

गेल्या श्रावणात आमच्या उधन्याच्या अंगणातील गुलाबाचा एक जोमदार शेंडा दोन-चार दिवसांत मान टाकून बसला. घरात ज्याने त्याने आपापले निदान सांगितले. कोणी मागांच्या धुळीला बोल लावला, कोणी दृष्ट काढावयास निघाले. आम्ही स्वतः वाळवी ठरवून मुळाशी औषध ओतले आणि निश्चिंत झालो. पुढे वाऱ्याने ती फांदी मोडली तेव्हा आमची चूक ध्यानात आली. मोडलेल्या जागी सभोवार सुरीने कोरल्यासारखे कडे होते.

हा उद्योग लांब मिशांच्या भुंग्याचा. गुलाब, बोगनवेल, तुती, द्राक्षवेल यांना असे कडे पाडणारा ‘स्थेनियास ग्रिसेटर’ भारतात ठिकठिकाणी आढळतो. लांबी सुमारे इंचभर, रंग सालीसारखाच राखाडी-तपकिरी. त्यामुळे खोडाला चिकटून बसला की दिसावयाचा नाही. भुंगा रात्री साल व आतले लाकूड कुरतडतो, आणि मादी कड्याच्या वरच्या भागात अंडी घालते. रस तुटल्याने तो भाग वाळतो. वाळते लाकूड हेच अळीचे अन्न. वाळकी फांदी म्हणजे तिचे बाळंतघरच!

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची शेती अजून खानदेशात आहे. जळगावच्या गाडीने गावी जाल तेव्हा सोयाबीनही न्याहाळून पाहावे. तेथे याच कुळातला ‘चक्रीभुंगा’ भेटतो. हा जेमतेम बोटाच्या पेराच्या निम्म्याने. डोके, छाती व पंखांचा बुडखा नारिंगी-तांबूस, पंखांचा उरलेला भाग काळपट. मादी देठावर किंवा खोडावर एकावर एक अशी दोन कडी पाडते व त्यांच्या मधोमध अंडे ठेवते. वरचा भाग सुकतो आणि अळी आतून पोखरीत खाली उतरते. म्हणून सुकलेले पान दिसताच खालच्या कड्याखालून तोडून नष्ट करावे. आठवडाभराची दिरंगाईही महाग पडते. आंब्याचा भिरुड मात्र निराळा. तोही लांब मिशांचाच, पण कडे पाडीत नाही; त्याची अळी खोड पोखरते व भोकांतून भुसा बाहेर पडतो.

आमची ती फांदी मात्र बंबाच्या जळणात महिनाभर पडून होती. एके सकाळी फोडून पाहिली, तो आत पिवळट, बिनपायांची अळी आरामात पसरलेली. शेजारीच गुलाबाच्या कुंड्या! त्या दिवशी बंब जरा लवकरच पेटविला.