पिकअप घ्यायच्या आधी सायकल नेऊन पाहा



आमच्या पुतण्याने यंदा पिकअप घ्यायचे मनावर घेतले. घरची संत्री नागपूरला कळमन्याच्या बाजारात न्यायची, येताना खताच्या पिशव्या आणि सरकी ढेप आणायची, असा त्याचा हिशेब. त्यातच गावातून आणखी एक काम निघाले. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी शासनाकडून पैसे मिळतात. आमच्या गावच्या पाच मुली आठवीत गेल्या. त्यांच्या आईबापांनी ठरवले की पाचही सायकली नागपूरहून एकदम घ्यायच्या आणि एकाच खेपेत आणायच्या. पुतण्या म्हणाला, "काका, आपली गाडी आली की पोरींच्या सायकली आपणच आणून देऊ जी."

विचार चांगला होता. पण गाडीची त्याने चौकशी केली होती ती हप्ता किती आणि लिटरला किती किलोमीटर, एवढीच. मी विचारले, "हौदा किती फुटी?" तो हसला. "पाच सायकलींचं वजन ते काय काका! एक क्विंटल भरेल. अन् दोन पोट्टे मागे बसवले की धरून ठेवतील न."

हे शेवटचे वाक्य ऐकले आणि मला बसल्या जागी घाम फुटला. तो का, ते आधी सांगतो.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. लग्नघरच्या तीन सायकली एका भाड्याच्या टेम्पोत टाकून आम्ही उमरेडच्या वाटेने निघालो होतो. सायकली एकीवर एक आडव्या पडल्या होत्या. दोर होता, पण तो दुसऱ्या सामानाला वापरला. माझा भाचा तेव्हा चौदा वर्षांचा. "बस रे मागे, धरून ठेव," असे त्याला सांगणारा मीच. एका गावाजवळ गतिरोधक आला. चालकाला तो उशिरा दिसला. वरची सायकल उडाली, फाळक्यावरून बाहेर गेली, आणि तिचे हँडल घट्ट धरून बसलेला भाचाही तिच्यामागे गेला. मांडीचे हाड मोडले. त्याचे शाळेचे वर्ष बुडाले. आज तो चाळिशीकडे आला आहे, पण थंडी पडली की मांडी धरून बसतो. तो मला कधी काही बोलला नाही. बहीणही बोलली नाही. पण तेव्हापासून मी एक गोष्ट मनाशी पक्की केली. सायकल गाडीनेच धरली पाहिजे, माणसाने धरता कामा नये. जी गाडी सायकल धरू शकत नाही, ती त्या कामाची गाडी नव्हे.

म्हणून पुतण्याला म्हटले, "चल, दोघे नागपूरला जाऊ. पण शोरूमच्या आधी लकडगंजला."

लकडगंजात माझे साडू राहतात. त्यांच्याकडे जुनी बावीस इंची मर्दानी सायकल आहे. ती घेतली, एक टेप घेतला आणि तिथून गाड्या विकणाऱ्यांकडे गेलो. सायकल घेऊन मोटार बघायला आलेले गिऱ्हाईक पाहून विक्रेत्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण थोड्या वेळाने त्यानेच टेपचे दुसरे टोक धरले.

आधी सायकलीचे माप सांगतो. अठ्ठावीस इंची चाकांची मर्दानी सायकल या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा फुटांहून दोन-अडीच इंच जास्तच भरते. मुलींची सव्वीस इंची सायकल पावणेसहा फुटांच्या आसपास. हँडल दोन फुटांना थोडे कमी, उंची साडेतीन फूट. वजन सोळा ते बावीस किलो. म्हणजे ही वस्तू हलकी, पण लांब आणि उंच. तिला बूड नाही. चाके फिरतात, हँडल वळते. पोत्यासारखी ती जागच्या जागी बसून राहत नाही. त्यामुळे गाडी निवडताना आधी जागा पाहायची, ताकद नंतर.

आता हौदे पाहू. टाटा एस, जिला आपल्याकडे सगळे छोटा हत्ती म्हणतात, २००५ साली बाजारात आली. तिचा हौदा साधारण सात फूट लांब आणि पाच फुटांना थोडा कमी रुंद असतो. त्यात मर्दानी सायकल पुरी मावते. बोलेरो पिकअपचे हौदे आठ, नऊ, दहा फुटांचे मिळतात आणि रुंदीही साडेपाच फुटांच्या घरात असते. याउलट, दोन रांगांच्या आसनांची जी पिकअप मिळते ती घरच्या मंडळींना घेऊन फिरायला सोयीची, पण तिचा हौदा बहुधा पाच फुटांच्याही आत असतो. त्यात सायकल सरळ उभी राहत नाही, मागचे चाक बाहेर येते. अमेरिकेत अशा आखूड हौद्याच्या पिकअपवाले फाळक्यावर जाड गादी घालतात आणि पुढचे चाक तिच्यावरून बाहेर लोंबते ठेवतात. आपल्याकडे ती रीत नको. माल गाडीच्या अंगाबाहेर काढला तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने २०,००० रुपये दंड सांगितला आहे, आणि मागून अंधारात येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ते लोंबते चाक दिसत नाही.

चार सायकली उभ्या करायच्या तर एकीचे तोंड केबिनकडे, दुसरीचे फाळक्याकडे, अशा उलटसुलट ठेवाव्यात. म्हणजे हँडलला हँडल अडत नाही. छोट्या हत्तीत अशा चार आरामात राहतात. मुलींच्या सायकली असल्या तर पाचवी थोडी पुढे-मागे सरकवून बसते. मोठ्या पिकअपमध्ये पाचही सुटसुटीत राहतात.

लांबीनंतर पाहायच्या त्या कड्या. दोर अडकवायच्या कड्या-आकडे कशाला जोडले आहेत ते हात लावून बघा. हौद्याच्या खालच्या चौकटीला असतील तर उत्तम. बाजूच्या उघडणाऱ्या फाळक्याला असतील तर त्यांच्या भरवशावर राहू नका. फाळक्याचा खटका सैल झाला की दोरही सैल होतो. कड्या कमी असतील तर गाडी घेतानाच चांगल्या कारागिराकडून चौकटीला जास्तीच्या बसवून घ्या. दोन्ही बाजूंना तीन-तीन तरी हव्यात. केबिनच्या मागे लोखंडी जाळीची चौकट आहे का, तेही पाहा. नसेल तर करून घ्या. ब्रेक लागल्यावर सामान केबिनच्या काचेवर येऊ नये म्हणून ती लागते.

फाळके मात्र दिसतात तेवढे कामाचे नाहीत. छोट्या गाडीचा फाळका फूटभर उंच आणि सायकल साडेतीन फूट. ती फाळक्याला टेकून उभी राहील असे कोणी म्हटले तर विश्वास ठेवू नका.

मग ती उभी कशाने राहायची? त्यासाठीच लकडगंज. नावातच लाकूड असलेली ही पेठ नागपूरची लाकडाची जुनी बाजारपेठ. साडूंच्या ओळखीचा एक सुतार मिस्त्री तिथे आहे. त्याला सायकल दाखवली. त्याने दोन मिनिटे तिच्याभोवती फिरून पाहिले आणि म्हणाला, "भाऊ, हिला पलंग नाही, गव्हाण पाहिजे." शब्द अगदी बरोबर होता.

त्याने सांगितलेली चौकट कोणत्याही गावच्या सुताराला जमेल. दोन इंची जाडीच्या, सहा-सहा फूट लांब रिपा घ्यायच्या. दोन रिपांमध्ये दोन इंचांची फट ठेवली की त्यात सायकलीची दोन्ही चाके बसतात. अशा जोड्या मध्यापासून मध्यापर्यंत फुटाफुटाच्या अंतराने दोन आडव्या फळ्यांवर पक्क्या करायच्या. पाच सायकली न्यायच्या तर पाच जोड्या आणि अंतर थोडे कमी. चौकटीच्या मध्यावर दोन्ही बाजूंना एकेक खांब आणि वर दोन फुटांच्या उंचीवर एक आडवी दांडी. सायकलीचा सीटखालचा नळा त्या दांडीला बांधायचा. सगळे जोड बोल्टने करायचे, कारण खिळा रस्त्याच्या हादऱ्याने सैल होतो. नवे सागवान लागत नाही. जुन्या घराचे निघालेले सरळ, किडीचे नसलेले लाकूड चालते. आणि चौकट हौद्याला कायमची ठोकायची नाही. कड्यांना दोराने चारी कोपऱ्यांत आवळायची, म्हणजे संत्र्याच्या क्रेट भरायच्या दिवशी काढून गोठ्यात उभी करता येते.

आता बांधायची रीत. गाडीत सामानाला तीन धक्के बसतात. ब्रेक लागला की ते पुढे जाते, वळणावर बाजूला जाते, खड्ड्यात वर उडते. दोर या तिन्हींसाठी हवा. चौकटीची फट बाजूचे सरकणे रोखते, पण वरचे उडणे रोखत नाही. म्हणून प्रत्येक सायकल मधल्या दांडीला बांधल्यावर तिच्या सांगाड्यावरून एक दोर खाली कडीपर्यंत ताणून घ्यावा. बंडीवर कडबा आवळताना फास करून दोर ओढतो, तसाच. पुढच्या आणि मागच्या बाजूलाही एकेक वेढा द्यावा.

दोर नेहमी सांगाड्याच्या नळ्यांना घालावा. ताऱ्या, मडगार्ड, ब्रेकच्या काड्या, चेनचे झाकण, मागचे कॅरिअर यांना कधीही नाही. ताण आला की ते वाकतात, आणि नवी सायकल घरी येताच दुरुस्तीला जाते. दोर घासतो तिथे जुन्या ट्यूबची पट्टी किंवा गोणपाट घालावे. दोन सायकलींच्या मध्येही गोणपाट असू द्यावे, नाहीतर एकीचे पायडल दुसरीच्या ताऱ्यांत जाते. स्टँड वर करून ठेवावे. स्टँडवर उभी सायकल अंगणात उभी राहते, चालत्या गाडीत नाही.

नायलॉनचा दोर मजबूत खरा, पण गुळगुळीत असल्याने गाठ सरकते आणि ओला झाला की ताणतो. खटक्याने आवळायचे रुंद पट्टे मिळतात, ते सर्वांत बरे. चार पट्टे घेऊन ठेवले तर वर्षानुवर्षे कामाला येतात. रबरी दोर ताडपत्रीपुरता ठेवावा. तो स्वतःच ताणतो, म्हणजे सायकलीला उडू देतो. आणि काहीही वापरा, निघाल्यावर आठ-दहा किलोमीटरांवर गाडी थांबवून प्रत्येक गाठ पुन्हा हाताने ओढून पाहा. पहिल्या हादऱ्यांनी सगळे जागेवर बसते आणि दोर हमखास ढिला होतो.

चोरीचेही ध्यानात ठेवा. चहाला थांबलो आणि सायकल गेली, असे होऊ नये म्हणून एक लांब साखळी सर्व सायकलींच्या सांगाड्यांतून ओवून कडीला कुलूप लावावे. पंप आणि पिशवी केबिनमध्ये ठेवावी.

परवान्याबद्दल बरेच जण विचारतात. हलक्या मोटारीचा परवाना असलेल्याला साडेसात हजार किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ६ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले आहे. आपल्या पिकअप त्यात बसतात. पण मागे माणसे बसवण्याची गोष्ट वेगळी. मालाच्या गाडीत फुकट बसवून नेलेल्या माणसाला इजा झाली तर विमा कंपनीवर भरपाईची जबाबदारी येत नाही, असे त्याच न्यायालयाने २००२ साली ठरवले. मालाचा धनी किंवा त्याचा माणूस केबिनमध्ये बसला तर त्याला विम्याचा आधार असतो, हौद्यात बसलेल्याला नाही. म्हणजे मागे पोरगा बसवून काही झाले तर त्याचे हाड मोडते आणि गाडीमालकाचे शेत गहाण पडते.

पुतण्याने हे सगळे ऐकून घेतले. शेवटी त्याने मोठ्या हौद्याची पिकअप घेतली. संत्र्याच्या मालालाही तीच सोयीची पडणार होती. हप्ता थोडा वाढला. चौकट लकडगंजच्या मिस्त्रीने दोन दिवसांत करून दिली.

परवा पाच सायकली गावात आल्या. गावातले दोघे पोट्टे नागपूरहून त्याच गाडीत मागे बसायला निघाले होते. पुतण्याने त्यांना खाली उतरवले, तिकिटाचे पैसे हातावर ठेवले आणि सांगितले, "तुम्ही एसटीनं या बाप्पा. सायकली आपल्या आपण येतात." वाटेत त्याने दोनदा थांबून दोर आवळले. देवळासमोर गाठी सोडल्या तेव्हा पाचही सायकली निघाल्या तशाच उभ्या होत्या, एकीचाही रंग खरचटला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही मुली शाळेला गेल्या.

तेव्हा वाचकहो, पिकअप पाहायला जाल तेव्हा घरातली सर्वांत लांब सायकल आणि एक टेप बरोबर न्या. हौद्यात ती उभी करून पाहा, कड्यांना हात लावून पाहा. विक्रेता हसला तर हसू द्या.

पुढच्या खेपेला संत्र्याच्या क्रेट भरण्याबद्दल बोलू. तोवर रस्त्याने जपून जा.