धरण उशाला, कोरड घशाला



हिमालयातल्या दूरच्या जिल्ह्यांची वर्णने आपण ऐकतो. ज्यांच्या अंगणातून मोठमोठ्या नद्या निघतात, तिथल्याच मायबहिणींना हंडाभर पाण्यासाठी डोंगर चढावा लागतो, हे कळले की आपण हळहळतो. पण अशी हळहळ करायला एवढे लांब जायची गरज नाही. आपल्या संगमनेरहून सकाळी निघून दिवे लागायच्या आत परत यावे, इतक्या अंतरावर तसाच एक मुलूख आहे. तो म्हणजे अकोले तालुक्याचा पश्चिमेकडचा डोंगराळ भाग. जुनी माणसे त्याला डांगाण म्हणतात.

आपली प्रवरामाई तिथेच, रतनगडाच्या कुशीत उगम पावते. हरिश्चंद्रगडाच्या डोंगरात मुळा निघते. महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर, तेही तिथलेच. रतनवाडीला अमृतेश्वराचे कोरीव दगडी देऊळ आहे, हरिश्चंद्रगडावर चांगदेवांच्या वास्तव्याच्या खुणा आहेत. इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे देवगावचे. १८४८ साली त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले. महादेव कोळी आणि ठाकर समाजाची माणसे पिढ्यान्‌पिढ्या या डोंगरात भात, नाचणी, वरई आणि खुरासणी पिकवत आली आहेत.

आता पाण्याचा हिशेब पाहू. आपल्या संगमनेरला वर्षाकाठी साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तरी आपण समाधान मानतो. वर घाटघरला त्याच्या जवळजवळ दहापट कोसळतो. मग तिथे पाण्याची ददात का? कारण जमीन उताराची, मातीचा थर पातळ आणि खाली काळा पाषाण. पडलेले पाणी मुरायला जागाच सापडत नाही. चार महिने ते धो धो वाहून जाते आणि होळी झाली की झरे आटू लागतात.

वाहून गेलेले ते पाणी येते कुठे? तुमच्या-आमच्या शिवारात. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्यात ११ टीएमसी पाणी साठते. ते नदीवाटे ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तिथून कालव्यांनी खाली जाते. या पाण्यावर ऊस उभा राहिला, प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना निघाला, पोरे शिकली, घरांवर स्लॅब पडले. पुढे त्याच नदीवर निळवंडे धरण झाले. त्याची कल्पना १९७० सालची आणि डाव्या कालव्याचे उद्‌घाटन झाले ऑक्टोबर २०२३ मध्ये. अर्धे शतक वाट पाहणाऱ्या दुष्काळी गावांना पाणी मिळाले, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण दोन्ही धरणांखाली जमिनी गेल्या त्या डोंगरातल्या माणसांच्या. जलाशय खाली आणि वाड्या वर. डोळ्यांसमोर पाणी चमकते, पण हंडा भरायला उतरण उतरावी लागते आणि भरला हंडा डोक्यावर घेऊन चढण चढावी लागते.

अशा मुलखाला हवे तरी काय? फार मोठे काही नाही. वरच्या अंगाला छोटी तळी, झऱ्यांची बांधबंदिस्ती, उतारावर चर आणि झाडे, म्हणजे पावसाचा थोडा वाटा तरी डोंगरातच राहील. पावसाळ्यात ओढ्यापलीकडे अडकणार नाही असा रस्ता, रात्री-अपरात्री बाळंतिणीला हात देणारा दवाखाना. आणि मालाला भाव. उन्हाळ्यात झाडावर चढून बाळहिरडा काढायचा, वाळवायचा आणि पडेल त्या दराने विकायचा, हे किती दिवस चालायचे? भात निघाले की घरातली धडधाकट माणसे नारायणगावच्या बाजूला मजुरीला उतरतात. गावात पाणी आणि काम असते तर कोण कशाला घर बंद करून निघाले असते?

मात्र ही माणसे नुसती कीव करण्याजोगी आहेत, असे समजू नका. त्यांच्याकडून आपण शिकावे असे पुष्कळ आहे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत, पण गावरान बियाण्यांची बँक त्यांनी घरात उभी केली. २०२० सालच्या यादीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपण दर हंगामाला दुकानातून पिशवी आणतो. त्यांनी वालाचे, भाताचे वाण आजीच्या गाडग्यामडक्यांसारखे जपले. तिथली डांगी गाय-बैलेही पाहा. कातडीला तेलकटपणा, खूर काळे आणि टणक. मुसळधार पावसात, चिखलात ती जनावरे कामाला हटत नाहीत. राजूरच्या जनावरांच्या प्रदर्शनात ती पाहायला मिळतात. एकदा मुलाबाळांना घेऊन जाऊन या.

आपल्या हातात काय आहे, ते सांगून पुरे करतो. काजवे पाहायला, धबधबे पाहायला हल्ली सगळेच जातात. आपणही जा, पण बाटल्या आणि पत्रावळी तिथे टाकू नका, तेच पाणी पुढे आपल्या कालव्यात येते. जाल तेव्हा नाचणी, वरई, गावरान तांदूळ थेट तिथल्या बाईच्या हातून घ्या आणि दरात घासाघीस करू नका. मजुरीला आलेल्या कुटुंबाला आधी पाणी आणि सावली द्या. आणि आवर्तनासाठी अर्ज-मोर्चे करताना एक मागणी आणखी लिहा : ज्या डोंगरावरून पाणी येते, तिथल्या वाड्यांना पिण्याचे पाणी आधी.

विहिरीतले पाणी उपसणारा शहाणा शेतकरी झऱ्याची आठवण ठेवतो. प्रवराकाठच्या आपणा सर्वांचा झरा त्या डोंगरात आहे. तो आटला, तर आपला ऊस कोणाच्या भरवशावर उभा राहणार?