"आवड होती हो तिला!"

गेल्या वर्षभरात हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता डोकं फिरतं. म्हणून आज थोडं भांडणार आहे, मंडळी.

माझी आतेसासू २०२४ साली गेली, ९१ व्या वर्षी. सगळे तिला 'तांते' म्हणायचे. डच भाषेत आत्या, मावशी, काकू, मामी सगळ्यांना हा एकच शब्द. फ्रीसलंडमधलं शेतकरी घर, सात भावंडं. युद्धानंतर नेदरलँड्समध्ये राहायला घरं पुरेनात, मुलांना वाटून द्यायला जमीन नाही. सरकारच लोकांना बाहेर जायला मदत करत होतं. १९५० साली पंतप्रधान द्रेस यांनी तर भाषणात उघडच सांगितलं, की आपल्यातल्या काहींनी मोठ्या देशांत नशीब काढायची हिंमत करावी. १९५२ मध्ये तांते दोन भावांबरोबर बोटीने हॅलिफॅक्सच्या पिअर २१ वर उतरली आणि ऑन्टॅरिओत गेली. एक बहीण न्यूझीलंडला, एक भाऊ ऑस्ट्रेलियाला. दोघं मागे, आईवडिलांपाशी.

फोन परवडायचे नाहीत. मग फिरतं पत्र. एकच जाड पाकीट घरोघर फिरायचं. आलं की आपलं जुनं पत्र काढायचं, नवं घालायचं, पुढच्याला पाठवायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? एकाने आळस केला की चार देशांची साखळी तुटते. पाकीट कुणाकडे किती दिवस पडून आहे याची नोंद तांते ठेवायची आणि त्याला कार्ड टाकायची. चाळीस वर्षं.

त्यात ऑन्टॅरिओतले दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. १९४४ साली, युद्ध चालू असताना, त्यांच्या कॅल्व्हिनपंथी चर्चमध्ये फूट पडली होती. ती फूट लोकांनी सामानाबरोबर कॅनडातही नेली. एक भाऊ या चर्चचा, दुसरा त्या. पण दोघेही त्याच पाकिटात पत्र घालायचे, कारण ते पत्र 'सगळ्यांना' असायचं. एकाच्या गाईला वासरू झालेलं दुसऱ्याला कळायचं ते तांतेमुळे.

शिवाय वाढदिवसांचं कॅलेंडर. डच घरांत ते चक्क संडासात टांगतात :) त्यावर वार नसतात, फक्त तारखा, म्हणून वर्षानुवर्षं चालतं. तांतेच्या कॅलेंडरवर माझ्या सांगलीच्या आईबाबांचीही नावं होती.

आणि या सगळ्याला म्हणायचं काय, तर "आवड होती तिला"! भावांनी शेतं उभी केली ते कष्ट, आणि हिने कुटुंब उभं ठेवलं तो छंद? आवड होती, मान्य. पण आवडीने केलेल्या स्वयंपाकालाही गॅस लागतोच की. आवड म्हटलं की एक सोय होते: आपल्याला ती नाही, म्हणजे आपण सुटलो.

दुसरं उत्तर तयार असतं, "आता व्हॉट्सअ‍ॅप आहे ना." आहे. ग्रुपवर त्रेचाळीस जण आहेत. तरी न्यूझीलंडच्या चुलतबहिणीचं ऑपरेशन झालेलं आम्हाला तीन महिन्यांनी कळलं. तिने टाकलं नाही, कुणी विचारलं नाही. पोचवायचं साधन कधीच अडचण नव्हती. "तुझं बरेच दिवस काही कळलं नाही" असं लक्षात येणारं माणूस लागतं, ते गेलं.

म्हणून मी नवऱ्याच्या भावंडांना सांगितलं, कॅलेंडरची बारा पानं आहेत, वाटून घ्या. ज्याचा महिना, त्याने त्यातल्या प्रत्येकाला स्वतः फोन करायचा. आत्तापर्यंत पाच पानं गेलीत. उरलेल्या सातांसाठी माझी कटकट चालू आहे.

आणि सांगलीकरांनो, हसू नका. आपल्याकडे हेच काम मोठी मामी करते. कुणाचं बारसं, कुणाचं श्राद्ध, अमेरिकेतल्या कुणाची नोकरी गेली, सगळं तिच्या वहीत. तिलाही आपण "आवड आहे" म्हणतो. या दिवाळीत फराळाचं कौतुक झालं की तिला विचारा, "मामी, वहीतली कुठली पानं मी घेऊ?"