हडपसर गावठाणातील बोळ राखण्याबाबत मागणीपत्र

प्रति,
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका

महोदय,

हडपसर म्हटले की आता मगरपट्टा, आयटी कंपन्या आणि सोलापूर रस्त्यावरची कोंडी डोळ्यांपुढे येते. पण या सगळ्याच्या आधीपासून इथे गाव आहे. 25 ऑक्टोबर 1802 रोजी यशवंतराव होळकरांनी पेशवे-शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, ती लढाई इतिहासात हडपसरच्याही नावाने ओळखली जाते. माउलींच्या आणि तुकोबांच्या पालख्या इथवर येऊन वेगळ्या वाटांना लागतात; एक दिवे घाटाकडे, दुसरी लोणी काळभोरकडे. गावठाणातले बोळ म्हणजे या गावाचे उरलेले अंग. आम्ही तिथले रहिवासी आणि दुकानदार आहोत.

आमचे म्हणणे एवढेच की, बोळ अरुंद आहे म्हणून त्याला निकामी ठरवू नये.

2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार दाटवस्तीत नऊ मीटरच्या आतल्या रस्त्यावर प्रीमियम किंवा टीडीआरचा (हस्तांतरणीय विकास हक्काचा) वाढीव एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक) मिळत नाही. मग पडक्या घराच्या मालकाने करायचे काय? बोळ रुंद होऊ द्यायचा, नाहीतर गळक्या पत्र्याखाली पावसाळे काढायचे. तीन मीटरचा बोळ नऊ मीटरचा करायचा, तर दोन्ही बाजूंनी तीन-तीन मीटर जातात. म्हणजे आधी ओटा आणि मग अख्खी पुढची खोली. मागे उरते त्यात नवे घर बसत नाही. ती जागा बिल्डरच्याच कामाची.

म्हणून पहिली मागणी: महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 210 खाली गावठाणातल्या बोळांची रस्तारेषा वाढवण्याचा प्रस्ताव आणू नये. त्याऐवजी बोळाची रेषा, ओटा आणि उंची राखून दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करणाऱ्या मालकाला न वापरता आलेल्या एफएसआयचा टीडीआर द्यावा, आणि तो गावठाणाबाहेर विकता यावा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना (एमआरटीपी) कायद्याचे कलम 22 विकास आराखड्यात ऐतिहासिक ठिकाणांच्या जतनाची तरतूद करू देते. त्याच आधारे या बोळांना वारसा परिसर म्हणून नोंदवावे.

दुसरी मागणी लहान वाटेल, पण तिच्यामागचा त्रास आमचा रोजचा आहे. दर खेपेला बोळात जुन्या थरावरच नवे काँक्रीट चढते. जोत्याच्या दगडी पायऱ्यांपैकी तीन गाडल्या गेल्या, वरची एक तेवढी दिसते. काही उंबरे रस्त्याच्या खाली गेलेत आणि जोराचा पाऊस झाला की गटाराचे पाणी थेट स्वयंपाकघरात येते. जुना थर खरवडल्याशिवाय नव्या थराचे बिल मंजूर करू नये.

आगीचा प्रश्न आम्ही टाळत नाही. बंब आत येत नाही, हे खरेच आहे. त्यासाठी बोळाच्या तोंडाशी हायड्रंट द्यावेत आणि लहान अग्निशमन वाहन ठेवावे. दुचाक्या बाहेर लावण्याची शिस्त आमच्यातल्याच तरुणांना नकोशी आहे, तरी ती आम्ही लावू.

तिसरी मागणी परतीच्या हक्काची. बीजिंगमध्येही विसाव्या शतकाच्या शेवटी हुतोंग नावाचे बोळ झपाट्याने पाडले गेले. त्यातल्या जू-अर हुतोंगमध्ये वास्तुरचनाकार वू लियांगयोंग यांनी 1990 च्या सुमारास मोडकी घरे उतरवून, बोळ आणि जुनी झाडे राखून चौकाभोवती दोन-तीन मजली घरे उभी केली. काम नावाजले गेले, पण जुन्या रहिवाशांपैकी बरेच जण परतले नाहीत. तसे इथे नको. पुनर्बांधणीत मालकाइतकाच भाडेकरूचाही परतीचा हक्क लेखी असावा. एकत्र जमीन देऊन स्वतःचा वाटा राखणे हडपसरला नवे नाही; मगरपट्ट्यातल्या शेतकरी कुटुंबांनी सुमारे चारशे एकरांवर ते करून दाखवले. गावठाणातल्या शेजाऱ्यांनाही संयुक्त पुनर्बांधणीची परवानगी एकाच अर्जावर मिळावी.

शेवटची मागणी मोजणीची. बोळ, वहिवाट, विहिरी, ओटे यांचा नकाशा आमच्यासमोर तयार करावा, आणि त्यावरची सुनावणी गावातच संध्याकाळी सातनंतर ठेवावी. दिवसा आमची निम्मी माणसे कामावर असतात.

आपले,
हडपसर गावठाणातील रहिवासी व दुकानदार