गोळी बंद करण्यापूर्वी

हृदयात यांत्रिक झडप बसवलेल्या स्त्रीला दिवस गेल्याचे कळताच रक्त पातळ ठेवणारी गोळी परस्पर बंद करणे, मग तो निर्णय घरच्यांचा असो वा डॉक्टरांचा, गर्भाच्या काळजीपोटी घडत असले तरी मातेच्या जिवावर बेतू शकते. घशाच्या जंतुसंसर्गानंतर उद्भवणाऱ्या रूमॅटिक तापाने झडपा निकामी होण्याचे प्रमाण भारतात आजही मोठे असल्याने, ऐन तारुण्यात झडप बदललेल्या स्त्रिया प्रसूतितज्ज्ञांपुढे येतच राहणार आहेत. आणि गर्भारपणात रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती मुळातच वाढलेली असते.

पेच खरा आहे. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन वार ओलांडून गर्भापर्यंत जाते आणि सहाव्या ते बाराव्या आठवड्यांत नाकाची व हाडांची वाढ बिघडवू शकते. त्याऐवजी दिल्या जाणाऱ्या हेपरिनचा मोठा रेणू वार ओलांडत नाही, परंतु झडपेचे रक्षण करण्यात ते उणे पडते. ‘रोपॅक’ या आंतरराष्ट्रीय नोंदणी-अभ्यासाच्या 2015 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, यांत्रिक झडप असलेल्या 212 गर्भवतींपैकी 10 जणींच्या झडपेवर गुठळी धरली. त्यांतील पाच जणींना ती पहिल्याच तिमाहीत झाली आणि त्या पाचही जणींना हेपरिनवर आणलेले होते.

म्हणूनच युरोपीय हृदयरोग संघटनेच्या 2018 च्या मार्गदर्शिकेने मात्रेला महत्त्व दिले: वॉरफरिनची रोजची गरज 5 मिलिग्रॅमहून, किंवा आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या असेनोकुमारॉलची 2 मिलिग्रॅमहून कमी असेल, तर स्त्रीला धोके समजावून तिच्या संमतीने पहिल्या तिमाहीतही तीच गोळी चालू ठेवण्याचा विचार करावा, आणि 36व्या आठवड्यात हेपरिनकडे वळावे. मात्रा त्याहून मोठी असल्यास सहावा ते बारावा हे आठवडे हेपरिनवर काढता येतात. मात्र कमी रेणुभाराचे हेपरिन वापरताना त्याचा रक्तातील परिणाम मोजणारी अँटी-टेन-ए चाचणी वारंवार करावी लागते, आणि ती जिथे होत नाही तिथे केवळ वजनावरून डोस देत राहणे हा जुगार आहे. (डॅबिगॅट्रानसारख्या नव्या गोळ्या यांत्रिक झडपेसाठी गर्भारपणाबाहेरही वर्ज्यच आहेत.)

हा विचार पाळी चुकल्यावर सुरू होणे म्हणजे उशीरच होय. शल्यविशारदांनी झडपेचा प्रकार, गोळीची मात्रा आणि दिवस राहिल्याची शंका येताच कोणाकडे जावे, हे डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहून द्यावे. आणि प्रसूतीनंतर वॉरफरिन चालू असतानाही बाळाला अंगावर पाजण्यास हरकत नसते, ही ओळ त्यात विसरू नये.