तार तुटली तेव्हा मोठ्यांनी काय केलं?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, स्नेहसंमेलनात आपण पुढे कुणाला उभं करतो? ज्याचं चुकणार नाही, त्यालाच. "पाहुणे येणार आहेत, उगीच फजिती नको," असं आपण म्हणतो. मला हा विचार पटत नाही. का, ते एका खऱ्या प्रसंगावरून सांगते.

पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा संचालक स्वतः एकही वाद्य वाजवत नाही. कुणी कधी सुरू करायचं, कुठे हळू व्हायचं, हे तो हाताच्या खुणांनी दाखवतो. आपल्या मुंबईत जन्मलेले झुबीन मेहता याच कामासाठी जगभर ओळखले जातात. अशा नामवंत संचालकांना दुसरे वाद्यवृंदही पाहुणे म्हणून बोलावतात.

२६ जुलै १९८६. अमेरिकेत टँगलवूड इथे बोस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. पाहुणे संचालक होते लेनर्ड बर्नस्टाइन. रचनाही त्यांचीच, 'सेरेनेड'. आणि मुख्य व्हायोलिन वाजवणार होती मिदोरी, अवघी १४ वर्षांची जपानी मुलगी!

शेवटच्या, पाचव्या भागात तिच्या व्हायोलिनची सगळ्यात बारीक तार तुटली. तिने लगेच वाद्यवृंदातल्या प्रमुख व्हायोलिनवादकाचं वाद्य घेतलं. ते तिच्या सवयीपेक्षा मोठं होतं, तरी ती वाजवत राहिली. थोड्या वेळाने त्याचीही तीच तार तुटली. मग तिसरं व्हायोलिन हातात आलं आणि तिने रचना पूर्ण केली. बर्नस्टाइन यांनी तिला मिठी मारली. ही बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर आली.

सगळे मिदोरीचं कौतुक करतात, ते योग्यच आहे. पण मला तिच्या आजूबाजूची मोठी माणसं जास्त महत्त्वाची वाटतात. अनुभवी वादकांनी आपली मौल्यवान वाद्यं एका मुलीच्या हाती दिली. "पोरीला जमेल का?" असं कुणी विचारत बसलं नाही. एवढ्या नामवंत संचालकाने स्वतःची रचना तिच्यावर सोपवली होती, हाही विश्वासच ना?

आता आपल्याकडे बघा. भाषण करताना मूल अडखळलं, की आपण डोळे वटारतो, नाहीतर माईक काढून घेतो. ते मूल पुन्हा स्टेजवर चढेल का, तुम्हीच सांगा!

तयारी हवीच. मिदोरीनेही लहानपणापासून रियाज केला होता. पण तयारीनंतरही तार तुटू शकते. अशा वेळी मुलाला पुढचा शब्द हळूच सांगा, मान हलवून धीर द्या. एवढं पुरतं.

मिदोरीने पुढे १९९२ साली न्यूयॉर्कच्या शाळकरी मुलांना संगीत शिकवण्यासाठी संस्था काढली. लहानपणी मिळालेला आधार माणूस असा पुढे देतो.

म्हणून यंदाच्या संमेलनात एखाद्या बुजऱ्या मुलालाही पुढे उभं करा. आणि तुम्ही त्याला दिसाल अशा जागी थांबा.